होशंगाबादची तीस वर्षे

शाळेत विज्ञानाचा प्रयोग म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. टेबलामागे शिक्षक, टेबलावर चंचुपात्र आणि परीक्षानळी, समोर पन्नास-साठ मुले. मागच्या बाकांवरच्या मुलांना माना उंचावूनही काही दिसत नाही. शिक्षक विचारतात, "निळ्या लिटमसचे काय झाले?" वर्ग एका सुरात सांगतो, "तांबडा झाला!" तो तांबडा झालेला निम्म्या वर्गाने पाहिलेलाच नसतो. पण पुस्तकात तसे छापलेले आहे, तेव्हा काम भागते.

अशा तासातून मूल काय शिकते? आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, हे तर शिकतेच. पण त्याबरोबर नकळत आणखी एक गोष्ट शिकते. खरे काय ते पुस्तकाला आणि सरांना ठाऊक असते, आपण स्वतः पाहण्याची गरज नसते, ही ती गोष्ट. पहिला धडा परीक्षेनंतर विसरला जातो. दुसरा मात्र आयुष्यभर टिकतो, आणि तो विज्ञानाच्या अगदी उलटा आहे.

हा दुसरा धडा बदलण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. १९७२ साली तो सुरू झाला, तीस वर्षे सरकारी शाळांमधून चालला आणि २००२ साली सरकारी निर्णयानेच थांबला. 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' या नावाने तो ओळखला जातो. (होशंगाबादचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे.) हा कार्यक्रम कसा उभा राहिला, त्यात नेमके काय बदलले आणि तो का थांबला, हे प्रत्येक विज्ञान शिक्षकाने जाणून घेण्यासारखे आहे.

आधीची वाट

हाताने काम करत शिकावे हा विचार होशंगाबादला पहिल्यांदा सुचला असे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. तीच पुढे नयी तालीम म्हणून ओळखली गेली. युरोपात दुसऱ्या महायुद्धाने हजारो शाळा उद्ध्वस्त केल्या होत्या. तिथल्या शिक्षकांना हाताशी असलेल्या वस्तूंतून विज्ञान कसे शिकवता येईल हे सांगण्यासाठी जे. पी. स्टीफन्सन या इंग्लिश शिक्षकाने एक पुस्तिका लिहिली आणि युनेस्कोने ती १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तिला जगभरातून इतकी मागणी आली की तिच्यातूनच १९५६ मध्ये युनेस्कोचा विज्ञान शिक्षणावरील प्रसिद्ध साधनग्रंथ तयार झाला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शालेय विज्ञानाची नव्याने मांडणी करण्याची लाटच आली.

या लाटेचे पाणी आपल्याकडेही पोचले. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकशास्त्र अभ्यासगटाने प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याचा एक अभ्यासक्रम तयार केला. डून स्कूलचे बी. जी. पित्रे हे त्यामागचे एक प्रमुख शिक्षक. सुरुवातीला तो निवडक, साधनसंपन्न शाळांत वापरला गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी तो मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत करून पाहिला. पैसेवाल्या शाळेतला प्रयोग गरिबांच्या शाळेतही होऊ शकतो, हे त्यातून दिसले. मग खेड्यातल्या शाळेत का होऊ नये, असा प्रश्न ओघानेच पुढे आला.

सोळा शाळा

तो प्रश्न अंगावर घेतला दोन स्वयंसेवी संस्थांनी. होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ही एक. क्वेकर पंथीयांनी स्थापन केलेली ही संस्था ग्रामविकासाचे काम करत होती. दुसरी होती बनखेडीजवळ नुकतीच सुरू झालेली किशोर भारती. तिचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधक. अमेरिकेत डॉक्टरेट करून ते मुंबईच्या टाटा संस्थेत रुजू झाले होते. ती नोकरी सोडून ते खेड्यात आले.

१९७२ मध्ये या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारकडे परवानगी मागितली. त्यांना वेगळी आदर्श शाळा काढायची नव्हती. सरकारच्याच सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, सरकारच्याच शिक्षकांकरवी विज्ञान शिकवण्याची पद्धत बदलून पाहायची होती. सरकारने पाठ्यपुस्तक बदलण्याचे, अध्यापनपद्धती बदलण्याचे आणि परीक्षा बदलण्याचेही स्वातंत्र्य दिले. आपल्या देशातील सरकारी यंत्रणेने बाहेरच्या गटाला इतकी मोकळीक दिल्याची उदाहरणे फार थोडी.

पुढच्या वर्षापासून दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांचा एक गट या कामात आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्यांची सोय केली. टाटा संस्थेनेही आपल्या शास्त्रज्ञांना तिथे जाऊ दिले. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक आणि खेड्यातला सहावीचा शिक्षक एका सतरंजीवर बसून एकाच धड्यावर वाद घालू लागले. विज्ञान शिक्षणाच्या आपल्या इतिहासात हे दृश्य नवे होते.

बाभळीचा काटा

पहिली अडचण साहित्याची. चार-चार मुलांची टोळी करून प्रत्येक टोळीने स्वतः प्रयोग करायचा, असे ठरले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला प्रत्येक वस्तूचे दहा नग हवेत. शहरातल्या प्रयोगशाळेची यादी घेऊन हे परवडणारे नव्हते. मग प्रत्येक शाळेसाठी एक पेटी बेतली गेली आणि तिच्यातल्या एकेका वस्तूला पर्याय शोधणे सुरू झाले.

फुलाचे भाग सुटे करून पाहायला विच्छेदनाची सुई लागते. पण मुलांच्या शाळेच्या वाटेवर बाभळी होत्याच. बाभळीचा काटा सुईचे काम तितकेच चांगले करतो, आणि बोथट झाला तर दुसरा फुकट मिळतो. फिनॉफ्थॅलिन हा दर्शक बाटलीतून विकत घ्यायचा तर महाग. पण त्या काळच्या जुलाबाच्या गोळ्यांत तोच पदार्थ असे. गोळ्या विरघळवल्या की दर्शक तयार. इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या आणि शाईच्या दौती यांनाही प्रयोगशाळेत जागा मिळाली.

अशा शोधातून पुढे आलेले सर्वांत परिचित नाव अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले गुप्ता पुण्याच्या टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी सांधे आणि सांगाडे तयार केले. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. घराच्या छपराची कैची आणि रेल्वेचा पूल त्रिकोणांनी का बांधतात, हे मुलाच्या बोटांनाच कळते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी अनेक वर्षे काम केले. महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षकांनी त्यांची खेळणी वर्गात नेली आहेत. त्या खेळण्यांची सुरुवात होशंगाबादच्या बाजारात झाली.

तरीही स्वस्त साहित्य हे या कार्यक्रमाचे मर्म नव्हे. बाभळीच्या काट्यानेही पाठांतर शिकवता येते. मर्म होते ते प्रयोगानंतर काय होते यात.

मूळ आणि पान

एक उदाहरण घेऊ. 'बाल वैज्ञानिक' या तिथल्या पुस्तकमालेत मूळ आणि पान यांवर एक धडा होता. आपल्या नेहमीच्या पुस्तकात काय असते? एकदलिकित वनस्पतींच्या पानांचा शिराविन्यास समांतर व मुळे तंतुमय. द्विदलिकितांचा जाळीदार व मूळ सोटमूळ. दोन ओळींत विषय संपला.

होशंगाबादच्या पुस्तकात या दोन ओळी छापलेल्याच नव्हत्या. मुले परिभ्रमणाला बाहेर पडत आणि शेताच्या बांधावरची झाडोऱ्यातली लहान रोपे मुळांसकट उपटून आणत. पानाच्या शिरा कशा आणि मूळ कसे, याची नोंद एका तक्त्यात करत. वीस-पंचवीस ओळी भरल्या की मुलांना त्या तक्त्यात काहीतरी दिसू लागे. मग पुढची पायरी. आता नवे रोप उपटायच्या आधी नुसते पान पाहून मूळ कसे असेल ते सांगायचे, आणि मग उपटून बघायचे.

ही शेवटची पायरी नीट पाहावी. निरीक्षण, नोंद, नियमाचा अंदाज, अंदाजावरून भाकीत आणि भाकिताची कसोटी, हे सारे शास्त्र सहावीच्या मुलाने एका दुपारी केले. भाकीत खरे ठरले तर त्याला जो आनंद होतो तो कोणाच्या शाबासकीचा नसतो. आणि खोटे ठरले तर? तेव्हा तर खरी मजा सुरू होते. आपल्या परसातला अळूच घ्या. पान उजेडासमोर धरले तर शिरांचे जाळे दिसते, पण मुळे तंतुमय. फांदी लावून वाढवलेल्या जास्वंदीचे पान जाळीदार, पण सोटमूळ सापडत नाही. पहिल्या बाबतीत नियमालाच अपवाद आहे. दुसऱ्या बाबतीत झाड बियांपासून आलेले नाही, खोडालाच मुळे फुटली आहेत. दोन्ही वेळा उत्तर चुकले, पण कारणे वेगळी. हे मुलांच्या चर्चेत निघणे आणि पुस्तकाच्या तळटिपेत वाचणे यांत फार अंतर आहे.

लांबी मोजण्याचा धडाही असाच. एकच फळा चार टोळ्यांनी मोजला तर चार मापे येतात. मुले लगेच विचारतात, "सर, बरोबर कोणते?" नेहमीच्या वर्गात सर एक आकडा सांगून मोकळे होतात. इथे त्यांनी तसे करायचे नाही. मापे का वेगळी आली, पट्टी कुठे सरकली, डोळा कुठे होता, फरक किती असला तर चालेल, यावर बोलायचे. प्रत्येक मापनात थोडी अनिश्चितता असते हे मुलांना तिथे, सहावीतच, भेटते.

"मला माहीत नाही"

या पद्धतीत सर्वांत अवघड जागा होती शिक्षकाची. ज्याने आजवर उत्तरे सांगून मान मिळवला, त्याने आता "चला, बघू या" म्हणायचे. हा बदल परिपत्रकाने होत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे तीन आठवड्यांची शिबिरे होत. तिथे शिक्षक स्वतः चार-चारांच्या टोळ्यांत बसून मुलांचेच प्रयोग करत. शिकवायला आलेले प्राध्यापकही आयते उत्तर देत नसत. वर्ष सुरू झाले की जवळपासच्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत. धडा कुठे अडला, कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, हे मांडत. त्यावरून पुस्तकातले धडे बदलले जात. आपल्या सांगण्यावरून पाठ्यपुस्तक बदलते, हा अनुभव त्या शिक्षकांपैकी बहुतेकांना पहिल्यांदाच आला असेल.

मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र तयार केले गेले. मुले त्याला पत्र लिहीत आणि त्याच्या नावाने प्रत्येकाला उत्तर जाई. प्रश्न विचारणाऱ्याला घरपोच आदर मिळण्याची ही व्यवस्था होती.

पुस्तक उघडून परीक्षा

वर्गात काहीही करा, मुले शेवटी परीक्षेसाठीच अभ्यास करतात. हे ओळखून परीक्षाच बदलली गेली. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही बरोबर नेण्याची मुभा होती. त्यामुळे 'व्याख्या लिहा' किंवा 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नांना अर्थच उरला नाही. न पाहिलेल्या प्रयोगाची निरीक्षणे देऊन त्यांवरून निष्कर्ष काढायला सांगणे, आलेख वाचायला देणे, एखाद्या दाव्याची कसोटी कशी घ्याल ते विचारणे, असे प्रश्न घडवावे लागले. आठवीच्या परीक्षेतही प्रात्यक्षिक होते.

१९७८ मध्ये कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व, म्हणजे दोनशेहून अधिक, माध्यमिक शाळांत गेला. सोळा शाळांत उत्साही माणसांच्या बळावर काहीही चालते. संपूर्ण जिल्ह्यात चालवायचे तर उत्साही, उदासीन आणि नाराज असे सगळेच शिक्षक आले. तरीही तो चालला. १९८२ मध्ये हे काम पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि त्या दशकात मध्य प्रदेशातील इतर अनेक जिल्ह्यांतील काही शाळांपर्यंत कार्यक्रम पोचला.

तवा नदीचे पाणी

एवढा खटाटोप कशासाठी? शास्त्रज्ञ तयार करण्यासाठी, असे उत्तर दिले जाते. पण होशंगाबादच्या त्या वर्गांतली बहुतेक मुले शेतकरी, मजूर, दुकानदार होणार होती. त्यांना विज्ञान कशाला हवे, याचे उत्तर त्याच जिल्ह्यातल्या जमिनीने दिले.

सत्तरच्या दशकात तिथे नर्मदेची उपनदी तवा हिच्यावर मोठे धरण झाले. कालव्याचे पाणी आले की पिके दुप्पट होतील, अशी आशा होती. पण तिथली जमीन खोल काळी, पाणी धरून ठेवणारी. निचऱ्याची सोय नसताना पाणी मुरत राहिले आणि पुष्कळ शेते चिबड होऊन उत्पन्न उलट घटले. १९७७ मध्ये 'मिट्टी बचाओ अभियान' उभे राहिले. रसूलियाच्या केंद्राशी जोडलेले बनवारीलाल चौधरी त्यात अग्रभागी होते. या अभियानाचा मुद्दा साधा होता: ही माती किती पाणी धरते हे आधी मोजले का?

हा प्रश्न विचारायला अभियंत्याची पदवी लागत नाही. तळाला भोके पाडलेले दोन डबे, एकात वाळूची जमीन, दुसऱ्यात काळी माती, आणि वरून सारखेच मापून ओतलेले पाणी, एवढ्या सामग्रीवर सहावीचा वर्ग तो विचारू शकतो. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात क्षारपड झालेल्या जमिनी पाहिल्या की हाच प्रश्न आपल्यालाही विचारावासा वाटतो. मोठी योजना आली, तज्ज्ञाने शिक्कामोर्तब केले, म्हणून ती आपल्या शेताला मानवेलच असे नाही. मोजून पाहू, असे म्हणण्याची सवय ज्या समाजाला असते, त्याला फसवणे कठीण जाते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ते कर्तव्य पाठ करून पार पडत नाही. त्याचा सराव लागतो, आणि सरावाची जागा शाळा हीच.

कार्यक्रम का थांबला

मग इतका चांगला कार्यक्रम बंद का पडला? तो अपयशी ठरला म्हणून, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. सर्व काही ठीक होते आणि राजकारणाने घात केला, हेही पुरते खरे नाही.

तीस वर्षांत अडचणी साचत गेल्या होत्या. पेटीतले संपलेले साहित्य वेळेवर भरून मिळत नसे. शिबिरात तयार झालेल्या शिक्षकांच्या बदल्या होत. मासिक बैठकांची धार पूर्वीसारखी राहिली नाही. त्यातच पालकांचा एक आक्षेप वाढत गेला. आठवीपर्यंत आमची मुले प्रयोग करतात, पण नववी-दहावीत पुन्हा पाठांतराचीच परीक्षा आहे, तिथे ती मागे पडतात. या आक्षेपाला आकड्यांचा आधार आहे की नाही, यावर बराच वाद झाला. पण पालकांची चिंता खोटी नव्हती. एक जिल्हा पाठांतर सोडतो आणि राज्याची परीक्षा त्यालाच गुण देते, तेव्हा धास्ती वाटणारच. जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याचा ठराव केला, आणि देशभरातील शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध करूनही २००२ मध्ये राज्य सरकारने तो थांबवला. सगळीकडे एकच अभ्यासक्रम लागू झाला.

या शेवटातून एक गोष्ट शिकावी. कार्यक्रमाने मुलांना जिंकले होते, पुष्कळ शिक्षकांना जिंकले होते. पण पुढच्या वर्गांची परीक्षा त्याच्या हातात नव्हती, आणि प्रयोगाने मूल काय कमावते हे गावाला पुरेसे पटलेले नव्हते.

काय उरले

बंद झालेला कार्यक्रम नाहीसा झाला असे मात्र नाही. टाटा संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने याच काळात, १९७४ पासून, वेगळ्या वाटेने काम केले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात त्यांनी नेहमीचाच अभ्यासक्रम ठेवून अध्यापन सुधारण्याचा प्रयत्न केला. 'एकलव्य'ने हिंदीत काढलेल्या 'संदर्भ' या शिक्षकांच्या अंकाचे मराठी भावंड पुण्यातून निघाले. आणि २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला ते प्रा. यशपाल सत्तरच्या दशकात टाटा संस्थेत असताना होशंगाबादच्या कामाचे पाठीराखे होते. घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा त्या आराखड्याचा आग्रह वाचताना होशंगाबादची आठवण येते, ती उगीच नव्हे.

आपल्या हातात राज्याची परीक्षा नाही. पण घटक चाचणीचा पेपर आपण काढतो. त्यातला एक प्रश्न पुस्तक उघडून सोडवण्याचा ठेवता येतो. वर्गाच्या चार-चारांच्या टोळ्या करता येतात. मुलाने अडवले तर "मला माहीत नाही, बघू या" असे म्हणता येते. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही.

पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी टाकळा, आघाडा आणि नाना तऱ्हेचे गवत माजते. मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगावेत: रोपाचे नाव, पानाच्या शिरा, मुळांचा प्रकार. नाव माहीत नसेल तर मुलांनीच एखादे द्यावे. वीस ओळी भरल्या की एकविसावे रोप उपटण्याआधी थांबावे आणि मूळ कसे निघेल ते विचारावे. वर्ग एका सुरात उत्तर देणार नाही. कोणी म्हणेल सोटमूळ, कोणी म्हणेल तंतुमय. मग सर्वांदेखत एखाद्या मुलीला ते रोप उपटू द्यावे.